अल्बिनामावशीच्या सतरा चांदण्या

अल्बिनामावशी स्लोव्हेनियात, तोल्मिन गावाच्या वरच्या एका वाडीत राहायची. चाळीस वर्षं डेअरीत चीजची जड चाकं उलटीसुलटी करण्यात तिची मनगटं गेली. नवरा वारल्यावर बोलायला उरल्या त्या कोंबड्या, आणि दर मंगळवारी वही घेऊन टपकणारी मी.

आम्हा भाषा-अभ्यासकांचा उद्योगच असा. वाक्य रचायचं, जुन्या माणसाला विचारायचं, "तुमच्याकडे असं म्हणतात का?" 'नाही' आलं की वाक्याआधी चांदणी काढायची. चुकीच्या वाक्याची ती खूण. असल्या चांदण्यांवर स्लोव्हेनियन वाक्यरचनेचे प्रबंध उभे राहतात. माझा या हिवाळ्यात उभा राहिला नसता तर शिष्यवृत्ती बंद होणार होती.

उदाहरणांत इथलंच नाव हवं म्हणून मी गावच्या अग्निशमन दलाच्या जुन्या फोटोखालचं एक नाव उचललं आणि सगळ्या वाक्यांत तेच घातलं. माझं मलाच केवढं कौतुक!

"'सिरिल घरी आलाय.' म्हणतात?"

"नाही."

"'सिरिल मघाशीच आलाय'?"

"नाही म्हटलं ना, पोरी. कॉफी घे, गार होतेय."

सतरा वाक्यं, सतरा चांदण्या. या वाडीत 'आलाय' अशी रचनाच नाही, असं प्रबंधाचं अख्खं प्रकरण मी ठोकून दिलं. शेजारच्या लुडविककाकांना ते ऐटीत सांगितलं, तर ते भडकलेच.

"तिच्यासमोर सिरिलचं नाव घेतलंस? अगं, मुलगा तो तिचा! पुरात माणसं काढायला गेला, सोचा नदीनं नेला. अजून सापडला नाही. अक्कल गहाण टाकलीस का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मान खाली घालूनच मी मावशीला विचारलं, "'लुडविक घरी आलाय', असं म्हणतात?"

"म्हणतात की. न म्हणायला काय झालं?"

"मग सिरिल...?"

"तो आला नाही. खोटं कसं सांगू?"

प्रकरण गेलं, शिष्यवृत्तीही जाणार हे दिसत होतं. पण रडू आलं ते त्याचं नव्हे. "मावशी, माफ करा. ते नाव मी पुन्हा घेणार नाही."

तिनं माझं मनगट धरलं. "असं नको करू. बावीस वर्षं झाली. मला जपायचं म्हणून इथं कुणी त्याचं नाव काढत नाही. तू तेवढी घ्यायचीस. उघड ती वही."

मी वही उघडली. "सिरिल घरी आलाय."

"नाही," ती म्हणाली. "पुढचं विचार."