ओव्हनचं धिरडं

ओव्हनच्या झाकणाजवळ कान नेऊन आबा एक बोट वर करायचे. घर चिडीचूप व्हायचं. मग ते डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगायचे, "आजून बोली राह्यनं शे." म्हणजे आतलं पीठ अजून फसफसतंय, झालेलं नाही. पुन्हा पाच मिनिटं सगळे ताटं घेऊन बसून.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या घरात रविवारी काय शिजतं यावर अख्खी कॉलनी मत देते. आमच्या पिंप्राळ्यात तो मान आबांचा होता. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन दिला. तसे ओव्हन तेव्हा बऱ्याच घरांत होते, पण शोकेसमध्ये. आबांनी तो वापरायला काढला, हा त्यांचा पहिला गुन्हा.

दुसरा गुन्हा, त्यात ते स्वतः स्वयंपाक करत. वाळवून दळलेल्या कच्च्या केळ्यांचं पीठ, चार अंडी, दूध, मीठ, जिरं. गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही, धान्याचा कणही नाही. सगळं फेटून डब्यात ओतायचं आणि भाजायचं. भाकरीएवढं रुंद, चार बोटं जाड धिरडं फुगून वर यायचं. वीज गेली, आणि रविवारी ती जायचीच, तर आबा डबा पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे रचत आणि म्हणत, "तीस वर्षं मी लोकांची लाईट घालवली. आता फेडतोय."

घरात भांडण नसेल असा रविवार मला आठवत नाही. मी शेजारीच राहायचो, आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या घरातलं भांडण आमच्या घरात स्वच्छ ऐकू यायचं. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, सुरुवात करत. "आमच्या पोरी गव्हावर वाढल्या. यांचंच पोट राजघराण्यातलं!" 'यांचं' म्हणजे सुनेचं. मग आबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "पहिले खाय, मंग भांड."

तेवढं ऐकून मी काय समजायचं ते समजलो. मी तेव्हा एका छापखान्यात कामाला होतो आणि चळवळीच्या पत्रकांवर वाढलो होतो. आमच्या घरानं उपासतापास सोडून एक पिढी झाली होती. भिंतीपलीकडे दर रविवारी धान्य वर्ज्य म्हणजे व्रतच, सुनेचं पोट नुसतं निमित्त, यात मला शंका नव्हती.

शंका कॉलनीलाही नव्हती. फरक इतकाच की मला राग आला आणि कॉलनीला भक्ती. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई एकदा सकाळी आल्या, तुकडा प्रसाद म्हणून डोक्याला लावून खाल्ला आणि म्हणाल्या, "काय मऊ! देवाचीच कृपा."

आबा म्हणाले, "बाई, चार अंडा शेत त्यामा."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि घर गाठलं. बाई कट्टर शाकाहारी. आपण अंडं खाल्लं हे सांगायचं तर कुणाला? त्या गप्प राहिल्या. पण व्रताची बातमी तोवर पुढे गेली होती. महिन्याभरात सात घरांतले ओव्हन शोकेसमधून उतरले. नियम ठरले: तोंड पूर्वेला, भाजताना बोलायचं नाही, ओव्हनला हळदकुंकू. अंडी कुणी घालत नव्हतं, त्यामुळे धिरडी कौलांसारखी निघत. बायका म्हणत, श्रद्धा कमी पडते. खरं कारण माहीत असलेली एकमेव बाई सगळ्यांत मोठ्यानं मान डोलवायची.

एवढं बघून माझ्यासारखा माणूस शांत बसेल? मी पत्रक लिहिलं. मथळा होता, "धान्य सोडा, अक्कल सोडा!" 'धान्य न सोसण्याचं ढोंग' असा शब्दप्रयोगही त्यात होता आणि तो मला फार आवडला होता. नाव घातलं नाही. पण ओव्हनचं चित्र घातलं.

पुढच्या रविवारी भडगावहून आबांचे थोरले भाऊ आले. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. भिंतीतून आवाज आला, "हाई देख! छापेल शे! ढोंग! धाडी दे तिले चोपड्याले. बरी व्हई तवय येई."

सून चोपड्याची होती. 'बरी होईल तेव्हा येईल' याचा अर्थ आपल्याकडे काय असतो, ते तुम्हाला सांगायला नको. अक्का म्हणत होत्या, "मी तर पहिल्यापासून सांगते." मुलगा धुळ्याला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्या दिवशी तो घरातच होता.

मग आबा बोलले, "ती जाई तर मीबी जासू. ओव्हन लई जासू. सासरा माहेरी राहायला गेला, हे पण छापून घ्या."

भाऊ तणतणत निघून गेले. मी पलीकडे गेलो. आबा डबा घासत होते. वर न बघता म्हणाले, "चांगलं लिखं. मले इचारं मातर नही."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पोळी खाल्ली की सुनेचं पोट बिघडायचं, दोन वर्षांत ती अर्धी झाली. धुळ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने सगळं धान्य बंद, मग एकेक सुरू करून बघू. तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वेगळी थाळी घेऊन बसायची, उकडलेले बटाटे खात. सगळ्यांना पोळ्या वाढून झाल्यावर.

"पण धिरडं तव्यावरही होतं, आबा," मी विचारलं. "ओव्हन कशाला?"

"तव्यावरचं एकेक निघतं. करणारी शेवटी खाते, तेही गार. हे एकदम निघतं. चार तुकडे, चार ताटं. सगळे घरी असतात असा एकच दिवस. त्या दिवशी तरी तिनं आमच्यात बसावं."

वेगळी थाळी म्हणजे काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या आजोबांचा कप हॉटेलच्या बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली होती. आणि भिंतीपलीकडची थाळी मला दिसली नव्हती.

मी खुलासा छापला. तो कुणी वाचला नाही, भडगावला तर पोचलाच नाही. एसटीनं भडगावला गेलो, थोरल्या भावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छापेल खरं का तुन्हा तोंडनं?" छापील शब्दावर इतका विश्वास ठेवणारा वाचक मला पुन्हा भेटला नाही.

हळूहळू सुनेला ज्वारी सोसायला लागली. गहू मात्र नाहीच. रविवार तसेच चालू राहिले, अक्कांचे टोमणेही. दोन वर्षांनी आबा गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत.

तेराव्याच्या जेवणावळींविरुद्धही माझं एक पत्रक होतं. तरी गेलो. पंगत मांडलेली होती, भडगावची मंडळी पुढे. पत्रावळीवर ज्वारीची भाकरी, भरीत, वरण आणि केळ्याच्या पिठाच्या धिरड्याचा एकेक लहान तुकडा. थोरल्या भावांनी पत्रावळ न्याहाळली.

"पुऱ्या कोठे शेत? तेराव्याले गहू नही?"

अक्का वाढता वाढता थांबल्या. "पुरी जोयजे का? ष्ट्यांडसमोर हॉटेल शे."

कुणी उठलं नाही. अक्का आत गेल्या आणि सुनेला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. ती मागे ओढत होती, "पाहुण्यांचं होऊ द्या ना, आत्याबाई." सुना पहिल्या पंगतीला बसत नाहीत. अक्कांनी तिला आबांच्या थोरल्या भावांच्या बरोबर समोर बसवलं, खांदा दाबून. पत्रावळ मांडली, वाढलं, आणि हातात पळी घेऊन, ती पहिला घास घेईपर्यंत, तिथेच उभ्या राहिल्या.