पेट्रोल हुंगणारे मास्तर

जगातल्या यच्चयावत माणसांची प्रतवारी कार्बनच्या अणूंवरून करणारा माणूस मुरबाड तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. नव्वदच्या दशकात आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, म्हणून सरांनी गच्चीच्या जिन्यालाच तेलशुद्धीकरणाचा मनोरा केला. कच्चं तेल तापवलं की कार्बनच्या आखूड साखळ्यांची हलकी वाफ वर चढते, लांब साखळ्यांचं जड तेल खाली उरतं. तेव्हा काटकुळी पोरं वरच्या पायरीवर गॅस, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, डिझेल आणि तळाला वर्गातला सर्वांत जाडा. "सर, मी डांबर नाय होनार!" तो रडायचा. "अरे, तू नसलास तर टोकावड्याची एसटी चिखलात रुतेल रे," सर समजूत घालायचे. माझ्या पोटाकडे बघून एकदा म्हणाले, "हेडसर, तुम्ही पण तळालाच थांबा."

एकदा ते दहावीचा वर्ग घेऊन थेट पेट्रोलपंपावर गेले. टीपकागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून जातो. त्यात रॉकेल मिसळलं असेल तर तेलकट डाग उरतो. डाग उरला. पंप आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा. अध्यक्षांना हे ठाऊक नसणार, कळलं तर आभारच मानतील, अशा खात्रीने सरांनी तो कागद त्यांच्याच हातात दिला. "साहेब, तुमच्या टाकीत लांब साखळ्या शिरल्यात!"

आठवड्याभरात अध्यक्षांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं : सरांना पेट्रोल हुंगण्याचं व्यसन आहे, पोरांनाही लावतात. मी सही केली. सरांची बदली उंबरमाळीकडच्या डोंगरात, संस्थेच्या चौथीपर्यंतच्या शाळेत झाली. सर आता नाहीत, पण त्यांच्या मुलीला अजून कोणीतरी विचारतंच, "त्या पेट्रोल हुंगनाऱ्या मास्तरची ना गो तू?" म्हणून लिहून ठेवतो. व्यसन नव्हतं. पेट्रोलच्या वासाने उलट त्यांचं डोकं दुखायचं. आणि तो डाग मी स्वतः उजेडात धरून पाहिला होता.

बदलीनंतर एकदाच त्यांना भेटायला गेलो. पहिलीच्या पोरांना ते चिंचोके मोजायला शिकवत होते. माफी मागायचं ठरवून गेलेला मी, चहा पीत पावसापाण्याचं बोलत बसलो. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "दहावीला आता हायड्रोकार्बन कोण शिकवतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्यांनी पोरांपुढचे चिंचोके डब्यात भरले. मग मला रस्त्यापर्यंत सोडायला आले.