चार बोटं माती

फाटकातून आत आल्यावर ते आधी चपला काढायचे. त्या जोडीनं भिंतीला टेकवून ठेवायच्या, धोतरासारखी लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचायची आणि हिरवळीवर उतरायचं. हात मागे बांधलेले, मान वर. कोणी पाहिलं तर वाटावं, हा माणूस गवत तपासतोय की ढग? अशी एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय ते कोणाशी बोलत नसत. बंगल्याचे मालक समोर उभे असले तरीही नाही.

मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी पायांक इचारूचां, मगे डोळ्यांक. डोळे भुलतत. पाय भुलणत नाय."

तुमच्याही आळीत, कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडून आपण काही शिकतोय हे शिकताना कळलंच नाही. म्हणून हे लिहितो आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू, तेवढं नाव पुरे.

चौऱ्याऐंशी साली मी मुलुंडला आलो. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं शिक्षण झालं, मग बी.एस्सी. ॲग्री. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझे वडील लोकांच्या रानात मजुरी करायचे. हरळी खणून काढणं हे त्यांचं ठरलेलं काम. हरळी म्हणजे दुर्वाच, पण रानात फार चिवट, एक कांडं राहिलं तरी महिन्याभरात शेत गिळते. वडलांची कंबर तिनंच वाकवली. नोकरी लागल्यावर मी गावी सांगितलं, मुंबईत बंगल्यांपुढे हिरवळ लावायचं काम आहे, आणि ती हरळीचीच असते. वडलांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आरं, हरळी लावाय पगार देत्यात व्हय?"

देत होते. नाहूरला आमच्या मालकांची रोपवाटिका होती आणि मुलुंडमधल्या वीसेक बंगल्यांच्या बागा त्यांच्याकडे सांभाळायला होत्या. मला त्यांनी सुपरवायझर नेमलं. हाताखाली पाच माळी, त्यांत सगळ्यात वयस्क काका. माझ्या पायात नवे बूट, खिशात पेन, काखेत कॉलेजची वही. गवताचं लॅटिन नाव मला पाठ होतं. ते स्वतःच्या हातानं कधी लावलेलं मात्र नव्हतं.

काकांना हे पहिल्याच दिवशी कळलं. पण त्यांनी चारचौघांत तसं दाखवलं नाही. मला फक्त एक नाव दिलं.

"काय रे बीएस्सी, पुस्तक काय म्हणता?"

"पुस्तक म्हणतं, आठवड्यातून दोनदा कापा."

"पुस्तकाक सांग, मुलुंडात पाणी सकाळी दोन तास येता. मगे इचार, काय म्हणता ता."

बाकीचे माळी खुरपी थांबवून हसायचे. मलाही हसू यायचं, पण घरी आल्यावर.

काका मूळचे मालवणकडचे. गिरणीत कापड तपासायच्या खात्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. कापड टेबलावरून सरकत यायचं आणि ते त्यावर हात ठेवून उभे राहायचे. "सुटलेलो धागो बोटांक लागता, डोळ्यांक दिसणा नाय," असं सांगायचे. गिरणी बंद पडली, तेव्हा भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहणारा हा माणूस खुरपं घेऊन मुलुंडच्या बंगल्यांत शिरला. बोटांचं काम पायांवर आलं, एवढंच. हिरवळीत लव्हाळ्याच्या तणाचा एक कोंब जरी उठला, तरी काका चालता चालता थबकायचे आणि खाली न बघता अंगठ्यानं जागा दाखवायचे. आम्ही वाकून बघायचो तर तिथे लव्हाळा असायचाच.

आमच्याकडच्या बंगल्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा होता. बाई कडक. माळ्यांनाही वेळेवर यायला लावत आणि उशीर झाला तर कारण विचारत. त्यांच्या मुलीचा साखरपुडा वैशाखात ठरला आणि तो हॉलमध्ये नव्हे, आपल्या हिरवळीवर करायचा असं बाईंनी जाहीर केलं. पायऱ्यांसमोर पाट मांडायचे, पाहुणे भोवती बसवायचे. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "हे काम तुझं. नीट झालं तर नोकरी पक्की. बिघडलं तर गावची गाडी."

साखरपुड्याला अठरा दिवस होते. उन्हानं गवत जरा मलूल दिसत होतं. माझ्या वहीत उपाय होता, युरिया. दुपारी काका डबा खायला गेले असताना मी स्वतःच्या हातानं, मोठ्या उत्साहात, पायऱ्यांपासून सुरुवात केली. सुरुवातीच्या मुठी भरभरून पडल्या. खत टाकल्याबरोबर भरपूर पाणी द्यायचं, हेही वहीत होतं. नळ उघडला तर नळाला पाणी नव्हतं.

काका परत आले, पांढरे दाणे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "अरे मेल्या, केलंस काय ह्यां? पाणी! टाकीतला पाणी हाड!"

आम्ही टाकीतून बादल्या ओढल्या. बाकी हिरवळ वाचली. पण तिसऱ्या दिवशी पायऱ्यांसमोर, बरोबर जिथे पाट मांडायचे तिथे, दोन खाटांएवढा चट्टा जळून तपकिरी झाला.

मालक बघायला आले. चट्ट्याकडे बघत त्यांनी शांतपणे विचारलं, "खत कोणी टाकलं?"

त्या क्षणी मला वडलांचं तोंड दिसलं. मुलगा साहेब झाला म्हणून त्यांनी गावात पेढे वाटले होते. मी म्हणालो, "माळ्यांच्या हातून जरा जास्त पडलं असेल."

माळ्यांच्या. मी काकांचं नाव घेतलं नाही, पण त्या बागेचे माळी काकाच होते. बंगल्याच्या कोपऱ्यावर, नळाजवळ, कोणीतरी पाइप गुंडाळत होतं. मी तिकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी बंगल्यावर पोचलो तेव्हा फाटकाशी हातगाडी उभी होती. तीवर ओली गोणपाटं आणि गोणपाटांत हिरवीगार हरळी, मुळांसकट, चार बोटं मातीसकट, विटांसारखी चौकोनी कापलेली. काका गुडघ्यांवर बसून जळकी जागा खरवडत होते. एकेक तुकडा ते शेजारच्या तुकड्याला भिडवून बसवत, वर तळहातानं थापटत आणि सांध्यातून बोट फिरवत.

"काका, कुठून आणलीत?"

"होतां खंय तरी. तुका कित्याक पंचायत? रोलर हाड."

साखरपुडा थाटात झाला. बाई पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणाल्या, "शाब्बास! पूर्ण गुण." मालकांनी माझी पाठ थोपटली. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि लोकांना तो विनय वाटला. काकांना मालकांनी "यापुढे हात जपून" एवढंच सांगितलं. काका "होय" म्हणाले.

नोकरी पक्की झाली. काका मला पूर्वीसारखंच बीएस्सी म्हणत होते, पूर्वीसारखंच पुस्तकाची खबर विचारत होते. तेच जड जात होतं. ते एकदा जरी रागावले असते तर सुटलो असतो.

भाद्रपदात काकांनी चाळीच्या गणपतीला बोलावलं. भांडुपची टेकडी चढून मी दम खात त्यांच्या दाराशी आलो. दारालगत दगडांचा बांध घालून केलेला छोटा सपाट तुकडा होता. भोवती सगळी टेकडी पावसानं हिरवी झालेली, आणि हा तुकडा मात्र उघडा मुरूम. दोन खाटांएवढा.

मी तिथेच थांबलो.

काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. माझी नजर बघून म्हणाल्या, "हय ह्यांची हरळी होती. सगळी चाळ हयसूनच दुर्वा नेई. औंदा इकत हाडूची लागली." मग जरा हसून, "खडकार काय उगवतला? खालसून डब्या-डब्यान माती हाडलेली ह्यांनी. दोन वर्सां लागली."

चार बोटं माती. तीच गोणपाटांतून मुलुंडला आली होती.

काका आत आरतीची तयारी करत होते. मी त्यांना बाहेर बोलावलं. "काका, त्या दिवशी मालकांना मी..."

"माका ठावक असा. मी नळार होतंय. माका कान असत."

"आणि तरी तुम्ही ही हरळी दिलीत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते बूट घालून हिरवळीवर चढणाऱ्या पाहुण्यांकडे पाहत. "तुझ्यासाठी दिलंय असा वाटता तुका? बाईंच्या चेडवाचो साखरपुडो होतो. तेचात तुझो संबंध काय?"

माझे डोळे भरून आले. ते पाहून काका गडबडले. "काय ता उद्या सांग मालकाक. आज गणपती असा. मोदक खा."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालकांना आणि मग बाईंनाही. मालक म्हणाले, "गावाला पाठवायला हवं तुला." तीन दिवस विचार करून त्यांनी मला सहा महिने काकांच्या हाताखाली माळी म्हणून लावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू घेतली की परत करायची असते. तिसरीतल्या मुलाला कळतं हे." मग स्वतः खुरपं घेऊन त्यांनी हिरवळीच्या कडेचे ठोंब काढायला सुरुवात केली.

ते ठोंब आणि गुलाबाच्या वाफ्यातली माती मी पोत्यांतून टेकडीवर नेली. सात खेपा झाल्या. काका दारात बसून विडी ओढत बघत होते. मदतीला उठले नाहीत. शेवटचा ठोंब लावून झाला तेव्हा चपला काढून त्या मातीवर एकदा चालले आणि म्हणाले, "बरां असा. पण दाबूक होयां." पुढच्या गणपतीला चाळीनं दुर्वा तिथूनच तोडल्या.

त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो त्यावर आजवर जेवतो आहे. खुरपं कोनात कसं धरायचं, पाणी कुठे मुरत नाही, कापणी कधी करायची नाही. पदवी वडलांनी घाम गाळून दिली, तिचा मला अभिमान आहे. पण ती वापरावी कशी, हे काकांनी सांगितलं.

दशक संपता संपता काका गावी गेले ते परत आले नाहीत. पायांनी दगा दिला, चालवत नाही, असं कळलं. त्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं एक पोस्टकार्ड मला आलं. मजकूर दोन ओळींचा होता: "हय हरळी खूप असा. राखूक कोण लागणा नाय." पुढच्या वर्षी मी पाठवलेल्या पत्राला उत्तर काकींचं आलं, काका गेल्याचं.

काका गावी गेले त्यानंतरची पहिली सकाळ मला आठवते. बाईंच्या फाटकाशी चार माळी उभे होते. सामान खाली ठेवलेलं, कोणी आत पाऊल टाकेना. भिंतीजवळची चपलांची जागा रिकामी होती. मी केव्हाच पुन्हा सुपरवायझर झालो होतो. मी म्हणालो, "चला, सुरू करा." तरी ते उभेच. मग माझ्या लक्षात आलं, चौघंही माझ्या बुटांकडे बघत होते.

मी खाली बसून नाड्या सोडल्या. बूट जोडीनं भिंतीला टेकवले. हात मागे बांधून, मान वर करून चालू लागलो. गवत गार होतं. पायऱ्यांसमोर आलो आणि अंगठ्याखाली काहीतरी लागलं. लव्हाळा नव्हता. दोऱ्याएवढी बारीक, सरळ जाणारी, जराशी उठून आलेली रेघ होती. मी थांबून खाली पाहिलं. सगळीकडे सारखंच हिरवं, कुठे काही दिसत नव्हतं. मग पुन्हा मान वर केली आणि पाय त्या रेघेवरून पुढे नेला. दोन खाटांएवढ्या चौकोनाभोवती ती मला फिरवून परत पायऱ्यांशी घेऊन आली.