गॅरंटी मागणारे जॉबरमामा

गॅरंटी मागण्यात आमच्या जॉबरमामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या इचलकरंजीत सापडायचा नाही. बिघडलेले माग दुरुस्त करणारे म्हणून ते जॉबर, आणि लांबून आलेल्या आम्हा कामगारांचे मामा. वांगी घेतानाही "आत कीड न्हाय न्हवं?" असं दटावून विचारायचे. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचे, "टायर फुटणार न्हाय न्हवं?" आणि गंमत म्हणजे, जो "नाही" म्हणेल त्याची गाडी सोडून द्यायचे! "टायर काय ह्येला सांगून फुटतंय व्हय?"

मी किनवटकडचा, सातवीतच शाळा सोडलेला. खोकला जडला. मोबाइल तेव्हा मागमालक शेठच्याच खिशात असायचा, घरी कळवणार कसं? खोकला हटेना. छातीच्या फोटोत फुप्फुसावर डाग दिसला, थुंकी तपासली तर काही सापडेना. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सीटी मशीनमध्ये बघत सुईनं तुकडा काढू. कॅन्सर की टीबी, त्यातून कळेल. मागाच्या शेडमध्ये जो तो सांगे, सुई लागली की गाठ भडकते. माझं जेवण तुटलं. शेवटी मामा खाडा करून बरोबर आले.

"पोराला काय हुणार न्हाय, गॅरंटी द्या!" मामांच्या आवाजानं सगळा दवाखाना वळून बघायला लागला.

"गॅरंटी नाही देत," बाई म्हणाल्या. "सुई कुठं आहे ते मशीनमध्ये दिसतं, म्हणून धोका कमी. तरी फुप्फुसातून हवा गळू शकते, खोकल्यातून रक्त येऊ शकतं. बहुतेकांचं आपोआप थांबतं, एखाद्याला छातीत नळी घालावी लागते. कधी तुकडा पुरत नाही, मग पुन्हा करावं लागतं."

"आन् गाठ पसरती म्हणत्यात ती?"

"फारच क्वचित. त्या भीतीनं तपासणी टाळली तर नुकसान जास्त."

मी चपला शोधायला लागलो. मामांचा चेहरा मात्र फुलला. "जा लेका, झोप बिनघोर! काय काय फुटंल ते बाई आधीच सांगत्यात."

मशीनमध्ये झोपलो, बाई सांगतील तसा श्वास धरला, सोडला. नंतरच्या फोटोत थोडी हवा गळलेली दिसली. मी घाबरलो, तर मामा वॉर्डभर सांगत सुटले, "बाई म्हणल्या हुत्या की!" पण दुसऱ्या फोटोत हवा वाढली नाही हे कळेपर्यंत त्यांनी चहाला तोंड लावलं नाही.

रिपोर्टात टीबी निघाला. मामांनी पेढे आणले आणि दिसेल त्याला वाटले. "अहो पावणं, टीबीचे पेढे कोण वाटतं का?" एकानं विचारलं. "औषध हाय की त्येला! खावा!"

कित्येक महिने गोळी माझ्या घशाखाली उतरल्याशिवाय मामा माग सुरू करू देत नसत.

आता ते कुरुंदवाडला असतात. मागांच्या खडखडाटानं कान पार गेलेत. मी भेटायला गेलो की काही विचारत नाहीत. पाठीवर तळवा ठेवतात आणि मी श्वास घेईपर्यंत थांबतात. छाती नीट भरली की मान डोलावतात. मग मी आणखी एक श्वास घेतो, मुद्दाम लांबलचक. तेवढाच हात आणखी थोडा वेळ राहतो.