बरी झालेली बाई

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी होतात. दुसरं गीत संपलं की पाळकसाहेब चष्मा काढतात आणि विचारतात, "कोणाला काही सांगायचं आहे का?" मग कोणी उठतं. मुलीचं लग्न जुळलं, बदली रद्द झाली, गाडी घसरली पण हाडं शाबूत राहिली. सगळे आमेन म्हणतात, सांगणारा बसतो. मी तेव्हा गीतपुस्तकात डोकं घालून असायचे. माझ्याजवळ सांगण्यासारखा एक संधिवात होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

पहाटे उठले की बोटं मिटायची नाहीत. गुडघ्यांना उभं राहायला तयार करायलाच अर्धा तास. कळंब रोडवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते, त्यामुळे यवतमाळहून सकाळची एसटी गाठावी लागते, आणि एसटीची पायरी इतकी उंच ज्याने केली असेल त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. खडू बोटांत धरवत नव्हता. मुठीत धरून लिहायचे, तर मुलं अक्षराला हसायची. मीही हसायचे, आणि मग दिवसभर चिडचिड करायचे.

दुखण्यापेक्षा सल्ल्यांनी जास्त पिडलं. मेथीदाणे खा, निर्गुडीचा शेक घ्या, वांगं सोडा. मंडळीतल्यांचे सल्ले आणखी खोल जायचे. "ताई, मनात कोणाबद्दल अढी तर नाही ना? अढी असली की प्रार्थना वर जात नाही." अढी होती. विचारणाऱ्या बाईंबद्दलच होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी खरंच मन उलटंपालटं करून शोधायचे, कोणाला क्षमा करायची राहिली असेल. एकदा तर मी मेलेल्या चुलत सासूलाही क्षमा करून टाकली. सकाळी बोटं तशीच.

मग ती तीन दिवसांची सभा आली. मैदानात मांडव, बाहेरगावचे प्रचारक, तेल लावून आजाऱ्यांसाठी प्रार्थना. मी रागातच गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाळाला तेल लावलं आणि सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं. मी टेकले. माझे गुडघे वाकले. पाच वर्षांत न वाकलेले गुडघे त्या मांडवातल्या सतरंजीवर टेकले, आणि मी ओक्साबोक्शी रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे आजही सांगते.

पण त्याआधी पंधरा दिवस नागपूरच्या डॉक्टरांनी मला स्टेरॉइडची गोळी सुरू केली होती. "थोड्या दिवसांसाठीच देतोय, आराम वाटेल," असं तेव्हाच सांगितलं होतं. आराम चार-पाच दिवसांपासूनच वाटत होता. मांडवात माइक माझ्या हातात आला तेव्हा मला ते आठवत होतं. मी म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं." गोळीचं नाव काढलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आजाराकडे कोणी संशयाने पाहत नव्हतं.

घरी उपकारस्तुती ठरली. आमच्यात कोणी दुखण्यातून उठलं की सगळी मंडळी घरी बोलावून प्रार्थना करतात, गातात, चहा-चिवडा होतो. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत, इंजिनाशिवाय कशावर फार बोलत नाहीत. खुर्च्या मांडता मांडता ते म्हणाले, "त्या नागपूरच्या डाक्टरले बी बोलावतं का उपकारस्तुतीले? त्याचा बी थोडा हात हाये यात." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं बोलणाऱ्याशी अबोला धरणं सोपं असतं, कारण त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

आमची चूक पुढे झाली, आणि ती फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. साक्ष एकदा देऊन भागत नाही, चांगली असेल तर ती फिरवतात. महिला मंडळाने मला जीपमध्ये घालून बोरी अरबला नेलं, मग वणीला नेलं. घरोघरी आजाऱ्यांसमोर बसवून बायका सांगायच्या, "ह्या बाई. ह्यांना पाहा." मांडवात माझी साक्ष एका वाक्याची होती. वणीपर्यंत ती पंधरा मिनिटांची झाली. त्यात डॉक्टरांनी हात टेकल्याचा प्रसंग आला, माझा चमचासुद्धा धरवत नसल्याचं वर्णन आलं, कुठे थांबलं की बायका डोळे पुसतात तेही मला कळायला लागलं. शिक्षकाला धडा रंगवायला वेळ लागत नाही.

प्रत्येक वेळी जीपमध्ये मावशी असायच्या. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत राहतात, एकट्या. सतरंज्या झाडणं, प्रभुभोजनाचे छोटे पेले धुऊन पुसून ठेवणं, सगळं त्याच करतात. मी लहान असल्यापासून करतात. मला नावाने हाक न मारता 'पोरी' म्हणतात. माझी साक्ष त्या पहिल्या ओळीत बसून ऐकायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी स्टेरॉइड कमी करत बंद केलं. दुखणं घरच्यासारखं परत आलं. आता आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी गोळी होती. ती मी शनिवारी घ्यायचे आणि रविवारी मळमळत्या पोटाने देवळात जायचे. सगळ्यांच्या आधी पोचायचे, म्हणजे बाकावर कशी बसते ते कोणी पाहू नये. गुडघे टेकायच्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधायचे. गोळ्यांची रिकामी पाकिटं यजमानांच्या डब्याच्या पिशवीतून बाहेर जायची. "कशा आहात?" "प्रभूची कृपा." हे म्हणताना दात आवळलेले असायचे.

आणि प्रार्थना बंद पडली. आजारी होते तेव्हा निदान मागत तरी होते, भांडत होते. आता काय मागणार? बरं कर म्हणावं, तर बरं केल्याबद्दल गावोगाव आभार मानून झालेले. माझ्याच तोंडाने मी माझं मागणं संपवलं होतं. सकाळी पलंगाच्या काठावर बसून मी नुसती बोटांकडे पाहायचे. देव आहे का, हा प्रश्न मला कधीच पडला नाही. तो माझ्याकडे पाहतोय, हीच पंचाईत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात कळलं की मावशी दोन रविवार आल्या नाहीत. महिला मंडळाबरोबर मीही त्यांच्या खोलीवर गेले. त्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, पायावर ओढणी टाकलेली. प्रार्थना झाली, गाणं झालं. बाकीच्या बाया बाहेर चपला घालत होत्या तेव्हा मी ओढणी बाजूला केली. उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट काळं पडलं होतं.

"मावशी, शुगरच्या गोळ्या घेता ना?"

"बंद केल्या," त्या हसून म्हणाल्या. "तुही साक्ष ऐकली, तवापासून. तुले होते, तं मले काहून नाई होणार? गोळ्या खाऊन राह्यली तं म्या विश्वास कायचा ठेवला?"

"दवाखान्यात चला."

"नाई. वाट पाह्यतो म्हंतलं आता. तू बी वाटच पाह्यली ना?"

त्या दिवशी मी काही बोलले नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण नाही बोलले. बाहेर बाया उभ्या होत्या.

घरी येऊन पाळकसाहेबांना फोन केला आणि गोळीसकट सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, पण मंडळी सांभाळायची म्हणजे काय, ते मला बाहेरून काय कळणार. म्हणाले, "मावशींना समजावू आपण. पण साक्षीचं आत्ताच काढू नका. किती लोकांचा विश्वास त्यावर उभा आहे." मी फोन ठेवला. यजमान समोर पोळी खात होते, त्यांनी ऐकलं होतं.

"बोट काळं हाये म्हंतं तू?"

"हो."

"मंग तुह्याजवळ दिवस नाईत," ते म्हणाले, आणि पुढची पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. परतीच्या एसटीत बसायला जागा असून उभीच होते. काय सांगायचं ते जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य वणीच्या साक्षीसारखं गोल गोल होत होतं. स्टँडवर उतरले आणि रिक्षा करून थेट मावशींकडे गेले. त्या एकट्या होत्या. मी खाटेजवळ खाली बसायला गेले आणि मध्येच अडकले. गुडघा वाकेना. खाटेची कड धरून तशीच अर्धवट उभी राहिले. मावशी पाहत होत्या.

"मी बरी नाही झाले," मी म्हणाले. "तेव्हाही गोळी चालू होती. स्टेरॉइडची. आताही घेते, दर शनिवारी. मी लपवलं."

मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं. कडेवर बोटं वाकडीतिकडी पडली होती. त्यांनी ती स्वतःच्या हातात घेतली आणि उलटी करून पाहिली, भांडं घासलं गेलंय का पाहावं तशी.

"दुखते?"

"रोज."

"म्हंजे देवानं तुले बरं केलंच नाई?"

"नाही."

"अन तरी तू दर रविवारी येतं?"

मी हो म्हणाले. या येण्याला मी कधी काही मानलंच नव्हतं. येत होते, कारण न येणं जमत नव्हतं. शिव्या घालायच्या तरी त्याच दारात जाऊन घालायच्या होत्या.

"मंग हे सांगायचं होतं ना," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "वणीपर्यंत जीप घेऊन फिरली, ते कायले सांगत फिरली? माह्या पायाचं काय आता?"

मला रडूही आलं नाही. त्यांनी माझे हात सोडले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी दारात उभं राहून यजमानांना फोन लावला. ते वर्कशॉपमधून तसेच काळ्या हातांनी आले. मावशी त्यांच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. त्यांनी पिशवीत लुगडं आणि पेला भरला आणि रिक्षात बसल्या. सरकारी दवाखान्यात पाचव्या दिवशी बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. हे ऐकून माझ्या यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मी रोज शाळेतून परस्पर दवाखान्यात जायचे. मावशी डबा घ्यायच्या, खायच्या, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि माझ्याशी बोलायच्या नाहीत. एके दिवशी डबा परत देताना म्हणाल्या, "मंडळीत सांगशीन?"

"सांगीन."

"माह्यासमोर सांग. मी आल्यावर."

म्हणून मी थांबले. दोन महिने थांबले. पाळकसाहेबांना वाटलं मी विसरले, त्यांना बरं वाटलं असावं. त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी यजमान मावशींना स्कूटरवर घेऊन आले. पायाला पट्टी, दुसऱ्या पायात चप्पल. त्या पहिल्या बाकावर बसल्या, वणीत बसायच्या तशाच. दुसरं गीत संपलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्न विचारायला जरा जास्त वेळ घेतला.

मी उठले. पुढचा बाक धरून उठले, लपवलं नाही. सांगितलं की मांडवात मी जे बोलले ते पूर्ण खरं नव्हतं. गोळी चालू होती, आजही आहे, बहुतेक मरेपर्यंत राहील. माझं ऐकून एका माणसाने औषध सोडलं आणि त्याची किंमत त्या माणसाच्या पायाने दिली. कोणी माझ्यामुळे गोळ्या सोडल्या असतील तर आजच सुरू करा. मी बरी झालेली नाही. मी अजून येते. एवढंच. याला वणीसारखं वळण देता आलं असतं, दिलं नाही.

कोणी आमेन म्हटलं नाही. मागे कोणीतरी खाकरलं. पाळकसाहेब खाली पुस्तकात पाहत होते. साक्षीनंतर आमेन झाल्याशिवाय बसायचं नसतं, आणि बसावं की नाही ते मला कळेना. मी तशीच बाक धरून उभी राहिले, गुडघे थरथरत होते, आणि सगळे ते पाहत होते.

मावशींनी मान वळवली.

"बस आता, पोरी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाय दुखत असन तुहे."