तोंडाशी म्हणजे आत

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी आमच्या मोजणीवाल्या नानांइतका न्यायी माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका डोकं उठवणाराही नाही. शेतजमिनी मोजणं ही त्यांची नोकरी. पण त्यांचा खरा अंमल चालायचा तो रविवारी दुपारी, सलीमभाईंच्या गादी कारखान्याच्या मागच्या खोलीत. तिथे आम्ही एक खेळ खेळायचो. आमच्या वयाच्या माणसांनी खेळावा असा तो खेळ नाही असं माझ्या सासरी सगळ्यांचं मत आहे, आणि ते मी कधी कुणाला विचारलेलं नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस चालवायचा. सलीमभाई एक जादूगार चालवायचे, मी एक चोरटी. राक्षस, मंत्र, किल्ले, सगळं तोंडी. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जे फाशानेही सुटत नाही आणि पुस्तकातही नाही, ते गोष्ट सांगणाऱ्याने ठरवायचं. त्याला आम्ही पंच म्हणायचो. नाना आमचे पंच.

आता बाकी ठिकाणचे पंच म्हणे अंदाजाने चालवून घेतात. आमचे नाना कंपासपेटी घेऊन यायचे. राक्षसाचा हात किती लांब, गुहा किती रुंद, सगळं आलेखाच्या कागदावर. सलीमभाईंच्या जादूगाराने एकदा आगीचा गोळा फेकला तर नानांनी कर्कटकाने वर्तुळ काढलं, भिंग लावून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, ताई, तुमच्या चोरटीचा डावा पाय हद्दीत येतो. झालं, भाजला पाय. बरं, राक्षसाला मारायचं म्हटलं तर आधी त्याचीही बाजू ऐकून घ्यायची. स्वतःच राक्षस होऊन पाच मिनिटं बोलायचे, आणि इतकं पटण्यासारखं बोलायचे की सलीमभाई एकदा तलवार खाली ठेवून मोकळे झाले. मी म्हटलं, अहो, राक्षस आहे तो! सलीमभाई म्हणाले, पण त्याचं म्हणणं रास्त आहे.

त्यांची एक सवय मात्र आम्ही पक्की ओळखून होतो. गोष्ट सांगताना नाना स्वच्छ मराठी बोलायचे, कचेरीत बोलतात तसं. मराठीत चाललंय तोवर हुज्जत घालायला वाव असायचा. ‘तुमची चोरटी जखमी झाली आहे’ म्हणाले की मी भांडायला बसायचे आणि कधीकधी जिंकायचेही. पण निवाडा द्यायचा झाला की ते एकदम अहिराणीवर यायचे. ‘मरी गया’ म्हणाले की मेला. मग देव खाली उतरला तरी उपयोग नाही. आणि एकदा दिलेला निवाडा सगळ्यांना सारखा. माझंच बघा ना. एका गुहेत विषारी धूर कोंडला होता, आणि मी शहाणपणाने सांगितलं होतं की मी गुहेच्या तोंडाशी उभी आहे. म्हणजे बाहेर, नाही का? नानांनी विचार केला आणि म्हणाले, ‘तोंडाशी म्हंजे मजार.’ मजार म्हणजे आत. चोरटी धुरात सापडली आणि तिची दृष्टी अधू झाली ती झालीच. दोन रविवार मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आमच्यात चौथे होते आबा. नानांचे थोरले भाऊ, दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार. हा खेळ खरं तर या दोघा भावांनीच सुरू केला. पण तीन वर्षांपूर्वी दोंडाईच्याजवळ गावाकडच्या शेतात बांधावरून आबांचं आणि त्यांच्या काकांचं वाजलं. काकांनी बांध सरकवला असं आबांचं म्हणणं. चार माणसं बसली आणि सगळ्यांनी नानांकडे बघितलं, कारण घरचाच मोजणीवाला. नाना काय म्हणाले? काही नाही. खाली मान घालून बसले. तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर असेल, असं काहीतरी पुटपुटले. आबा तिथून उठले ते भावाशी बोलायचे बंद झाले. घरचं लग्न असो, आजारपण असो, बोलणं नाही.

रविवारी मात्र यायचे. दोंडाईच्याहून गाडीने यायचे, कारण त्यांनी चालवलेला सुभान्या नावाचा भालाईत गोष्टीत अर्ध्या वाटेवर होता, आणि माझा माणूस मी रस्त्यात टाकणार नाही असं त्यांनी सलीमभाईंना सांगितलं होतं. खेळात सुभान्याला जेवढं बोलणं भाग तेवढंच ते नानांशी बोलायचे, तेही मराठीत आणि ‘आपण’ म्हणून. सख्खा भाऊ आपल्याला ‘आपण’ म्हणतो तेव्हा नानांचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय. सुभान्या जिवंत होता तोवर ते दोघं बोलत होते. हे आम्हाला कळत होतं, नानांना तर कळतच होतं.

आणि मे महिन्यातल्या त्या रविवारी सुभान्या पुलावर अडकला. दरीवर दोरांचा पूल, मागे राक्षसांची टोळी. मी आणि सलीमभाई पलीकडे पोचलो. सुभान्या आम्हाला वाट मिळावी म्हणून मागे थांबला. नानांनी विचारलं, आपण नेमके कुठे उभे आहात? आबा म्हणाले, ‘पुलाच्या तोंडाशी.’ लगेच नाना म्हणाले, राक्षसाने कुऱ्हाडीने दोर तोडले. म्हणाले आणि तिथेच थबकले.

तोंडाशी म्हणजे पुलावर की अलीकडच्या खडकावर? खडकावर असेल तर निदान लढायला तरी वाचला. पुलावर असेल तर दरी इतकी खोल की फासा टाकायचंही कारण नाही. आणि तोंडाशी म्हणजे काय याचा निवाडा माझ्या चोरटीच्या वेळी होऊन बसला होता. वीज गेलेली, पंखा बंद, कापसाचे तंतू अंगाला चिकटलेले. सलीमभाई बोटांनी गादीची शिवण उसवत बसले. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, नाना, माझी काही हरकत नाही, खडकावर धरा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कर्कटक उचललं, परत ठेवलं. घामाचा थेंब आलेखाच्या कागदावर पडला.

मग ते मराठीत सुरू झाले. ‘तसं बघितलं तर, आबा...’

आबांनी मान वर केली. मी त्यांच्या शेजारी होते, मला ते डोळे दिसले. बांधावरच्या बैठकीत हेच शब्द त्यांनी ऐकले होते. ते हात टेकून उठायलाच लागले. आता हा माणूस उठला की पुन्हा यायचा नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

नानांनी कागद बाजूला सारला आणि पहिल्यांदाच भावाच्या डोळ्यांत बघत म्हणाले, ‘तोंडाशी म्हंजे मजार. सुभान्या पडना. मरी गया.’

आबांनी सुभान्याचं बळ, जखमा लिहिलेला कागद घेतला, चौघडी घालून खिशात ठेवला.

‘बराबर शे,’ ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी भावाशी बोललेली ही पहिली अहिराणी. मग खिसा चाचपत, ‘त्या दिन बी असाच बोलता ते...’

त्या दिवशीही असाच बोलला असतास तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

आबांनी चपला घातल्या. नानांनीही घातल्या. खेळ अर्धा टाकून पंच उठलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. स्टेशनपर्यंत सोडून येतो म्हणाले, आणि सलीमभाईंनी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला चहा गार झाला. सोमवारी कळलं की ते रजा टाकून दोंडाईच्याला गेलेत. तिथे त्यांनी चौघांदेखत बांध मोजला. बांध होता तिथेच होता, तसूभरही सरकला नव्हता. चुकले होते ते आबा. आणि हे नानांना त्या बैठकीतही नुसत्या नजरेनं कळलं होतं. थोरल्या भावाला चारचौघांत चूक म्हणायला जीभ रेटली नव्हती, एवढंच. या वेळी त्यांनी सांगितलं, अहिराणीत सांगितलं, आणि आबा काकांच्या पाया पडून आले.

आता नाना रविवारी दोंडाईच्याला जातात. दोघं भाऊ शेतावर बसून काय बोलतात कोण जाणे, पण बोलतात. मी चिडून फोन केला की म्हणतात, ताई, पुढच्या रविवारी नक्की. मला त्यांचं बरं वाटतं, अगदी मनापासून वाटतं. पण खोटं कशाला बोलू, रविवारची दुपार आताशा जात नाही. सलीमभाई आणि मी दरीच्या पलीकडे तसेच उभे आहोत. पुढे रस्ता आहे की नाही, ते सांगायला कुणी नाही.