धामकाठचा जोड

वर्ध्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. बाहेरच्या गाडीवर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) घेतले. पहिल्याच घासाला माझ्यातला पुणेकर घामाघूम झाला आणि तर्रीचा ओघळ थेट पांढऱ्या शर्टावर उतरला.

“साहेब, आरामात खा. पोहे पयून नाई जाऊन राह्यले,” गाडीवाला म्हणाला.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. धाम नदीवर पूल व्हायचा होता. कारखान्यात ओतून आणलेल्या तुळया इथे एकमेकींना जास्त ताकदीच्या काँक्रीटने जोडायच्या होत्या. तो जोड किती भार सोसतो, हे तपासायला मला धाडलं होतं. ऑटो पवनारच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे कापूस फुटला होता. मी खुशीत होतो.

कामावर नमुन्याचा जोड तयार होता: दोन आखूड तुळया, मधे काँक्रीट, वर ओली पोती. एक बाई त्यावर पाणी मारत होती. तिचं नाव सुमन. हा जोड तिच्या नवऱ्याने, देवराव मिस्त्रीने भरला होता. त्यानंतर तो तापाने पडला. सावंगीच्या दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून पाणी तीच मारत होती.

मी जॅक लावायला सांगितला, तशी ती पुढे आली.

“काय करता, साहेब?”

“दाब द्यायचा, ताई. तुटेपर्यंत.”

“काऊन तोडता? त्याच्या हातचं हाय ना थे! मले पयलेच सांगतलं असतं तं मी पानी नसतं मारलं.”

तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला भयंकर राग आला, पण तो काढणार कुणावर? नमुना मोडून पाहिल्याशिवाय पुलावर माणसं कशी सोडायची, हे मी जमेल तसं समजावलं. ती बाजूला झाली.

दाब वाढत गेला. कडाडून आवाज झाला. बघतो तर तुळई तडकलेली, जोड शाबूत! मी टाळीच वाजवली.

सुमनने जवळ येऊन जोडावरून हात फिरवला.

“नाई सुटला ना?”

“नाही, ताई. पक्कं काम.”

“मंग हाच बसवा ना पुलात.”

“हा आता नाही बसत. असेच नवे भरायचे.”

“म्हंजे पुलात त्याच्या हातचं काईच नाई राह्यनार?”

“नाही,” मी म्हणालो. माझी मान वर होईना.

पूल झाल्यावर पुन्हा वर्ध्याला जाणं झालं. परतताना मुद्दाम त्या पुलावरून जाणारी एसटी धरली. जोड उत्तम असला की गाडीत बसलेल्याला तो जाणवतही नाही. मी कान देऊन बसलो होतो. नदी मागे पडली, तरी मला काहीच जाणवलं नाही. देवरावसाठी फार वाईट वाटलं.